उत्तीर्ण झाल्यानंतरचे वर्ष



यंदाच्या अंकातला विशेष विभाग प्रौढ शिक्षणावर आहे. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे दोन-तीन स्नेह्यांनी विचारले. त्यांना दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर मांडतो, कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा या विषयाशी जुना आणि जवळचा संबंध आहे.

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या 14 ते 50 वयाच्या प्रत्येक निरक्षराला लिहायला-वाचायला शिकवायचे आणि गावात कुणी निरक्षर उरला नाही की गावाचा जाहीर गौरव करायचा, अशी तिची साधी रीत. शिकवणारे गावचेच असत. प्राथमिक शिक्षक, वरच्या वर्गातली पोरे, चार बुके शिकलेला एखादा तरुण. मानधन कुणालाच नाही. वर्ग भरायचा रात्री, रानातली कामे उरकल्यावर, शाळेत, देवळात नाहीतर कुणाच्या सोप्यात. शिकवणी तीन-चार महिन्यांची, मग तपासणी आणि शेवटी ग्रामगौरव समारंभ. दोन वर्षांत मोहीम राज्यभर पसरू लागली. 1972 मध्ये युनेस्कोचा नादेझ्दा क्रुपस्काया पुरस्कार तिला मिळाला. साताऱ्यात लागलेल्या एका रोपट्याची दखल जगाने घेतली, याचा अभिमान आम्हाला आजही आहे.

ही मोहीम चालली ती गावाच्या इभ्रतीवर. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपल्याकडे अजून वीस माणसे उरली आहेत, ही गोष्ट चावडीवर बोलली जायची. भावकीतला, वाड्यातला, वस्तीवरचा प्रत्येक माणूस त्या हिशेबात धरला जायचा. सरकारी परिपत्रकाने जे झाले नसते ते लोकलाजेने झाले. पण याच गोष्टीत मोहिमेची उणीवही होती. मोजले जायचे ते गाव. एकदा गाव साक्षर जाहीर झाले की आतल्या माणसाकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण उरत नसे. पाठपुराव्याची बाजू लंगडी राहिली, नवसाक्षरांच्या हाती वाचायला फारसे काही पडले नाही आणि पुष्कळांची अक्षरे पुसली गेली, असे पुढे अभ्यासकांनी नोंदवले. शेतकऱ्याने पेरलेले एकर मोजावेत आणि सुगीला रास मोजूच नये, तसे झाले.

साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. आज आपल्याकडे ‘उल्लास’ नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. 2022 ते 2027 असा त्याचा कालावधी, देशभरात पाच वर्षांत पाच कोटी माणसांचे लक्ष्य आणि 1037.90 कोटी रुपयांची तरतूद. शिकणारा 15 वर्षांपुढचा, शिकवणारा विनामोबदला स्वयंसेवक, नोंदणी मोबाईल अ‍ॅपवर. महाराष्ट्रात पहिली परीक्षा 17 मार्च 2024 रोजी झाली, पुढची 23 मार्च 2025 रोजी. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांना 50-50 गुण, एकूण 150. प्रत्येक भागात 33 टक्के मिळाले की उत्तीर्ण.

खटाव तालुक्यातल्या एका केंद्रावर ही परीक्षा आम्ही पाहिली. दिवस रविवारचा. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत कधीही यावे आणि तीन तास पेपर लिहावा, अशी सोय होती. ही सोय ज्याने ठेवली त्याला शेतावरचे आयुष्य ठाऊक असले पाहिजे. धारेचे, चुलीचे, मजुरीचे उरकून बायका येत होत्या. साठी ओलांडलेल्या एक आजी सहावीच्या बाकावर बसल्या होत्या. आधी त्या ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायच्या आणि मग एकेक अक्षर तिला खाली टांगत जायच्या. वाचनाच्या उताऱ्यावर बोट फिरत होते, ओठ हलत होते. बेरजा-वजाबाक्यांपाशी आल्यावर मात्र हात झरझर चालला. उत्तरे थेट लिहून टाकली आणि “मांडून दाखवायला पायजे का?” असे पर्यवेक्षक बाईंना विचारले. बाजार करण्यात जन्म गेला, हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

पेपर देऊन झाल्यावर त्यांनी बाईंना आणखी एक गोष्ट विचारली. बँकेतल्या खात्यावर ‘निशाणी डावा अंगठा’ असे आहे. आता तिथे सही चालेल का? बाई म्हणाल्या, “त्यासाठी बँकेत जावं लागेल, आजी. इथं नाही होत ते.” उत्तर बरोबरच होते. पण आमच्या मनात तेव्हापासून तो प्रश्न घर करून बसला आहे. आजींना साक्षर व्हायचे होते ते त्या खात्यासाठी. परीक्षेच्या कागदांवर त्यांची नोंद गुण म्हणून होईल, प्रमाणपत्र मिळेल, जिल्ह्याच्या आकड्यात एकाची भर पडेल. अंगठ्याच्या जागी सही आली की नाही, हे कुठल्याच रकान्यात येणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. प्रौढ माणूस शिकतो तो कशासाठी तरी, आणि ते साधले का हे पाहिले तरच त्याची प्रगती मोजली असे म्हणता येईल. तेही परीक्षेच्या दिवशी नव्हे, वर्षभरानंतर.

आपल्या जनगणनेत तर साक्षरतेची चाचणीच होत नाही. सात वर्षांपुढच्या माणसाला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते का, हे प्रगणक विचारतो. घरातला कुणीतरी उत्तर देतो, कागद कुणी हाती देत नाही. 2011 च्या जनगणनेत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे 80 टक्क्यांच्या वर आहेत, ते या सांगण्यावरून. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात साक्षर-निरक्षर अशी एकच रेघ ओढत नाहीत. रोजच्या व्यवहारातला मजकूर देतात, त्यातून माहिती काढायला सांगतात आणि मग पातळी ठरवतात. आपल्याकडे रेघ एकच, आणि तीही खाली आली आहे. 1990 च्या दशकातल्या संपूर्ण साक्षरता अभियानात वाचन, लेखन आणि गणित प्रत्येकी निदान 50 टक्के आणि एकूण 70 टक्के अशी अट होती. मिनिटाला 30 शब्द मोठ्याने वाचता यावेत, 5 शब्द श्रुतलेखनाने लिहिता यावेत, तीन आकडी बेरीज-वजाबाकी यावी, इतके नेमके मापदंड ठरलेले होते. आज 33 टक्क्यांवर माणूस उत्तीर्ण होतो. माणूस धीराने केंद्रावर यावा म्हणून उंबरा खाली ठेवला असेल तर आमची हरकत नाही. पण त्या उंबऱ्यावरच त्याला साक्षर म्हणून हिशेबातून मोकळे करणे आम्हाला मान्य नाही.

ऊसपट्ट्यातली काट्याची पावती घ्या. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन. तीन आकडे आणि एक वजाबाकी. घरातली बाई ती पावती वाचून आकडा पडताळू लागली, तर त्या घराचा व्यवहार बदलतो. औषधाच्या पाकिटावरची मुदत, बचत गटाच्या वहीतले व्याज, सातबाऱ्यावरचे आपले नाव, एसटीच्या पाटीवरचे गाव, रेशनच्या पावतीवरचे किलो. प्रौढांची प्रश्नपत्रिका या कागदांत तयार पडलेली आहे. द्राक्षपट्ट्यात, तासगावच्या बेदाणा शेडवर काम करणाऱ्या मजूर बाईला आठवड्याच्या हजेरीचा कागद वाचता येतो का, हे विचारायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

संपूर्ण साक्षरता अभियानातली एक गोष्ट विसरली गेली, ती आम्हाला फार मोलाची वाटते. तीन वाचन-पुस्तिका होत्या आणि प्रत्येकीत तीन चाचण्या. नऊ चाचण्या पुस्तकातच, धड्यांच्या अधेमधे. शिकणाऱ्याने आपल्या सवडीने सोडवायच्या, आपले आपण पाहायचे, अडले तर मागे जायचे. भीती नाही, बाक नाही, पर्यवेक्षक नाही. आपण कुठवर आलो हे सर्वांत आधी शिकणाऱ्यालाच कळत होते. आज मोजमाप त्याच्या हातून गेले आहे. अ‍ॅपवर त्याचे नाव चढते, आकडा केंद्रावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून पुण्याला जातो. खाली परत काही येत नाही.

उत्तरदायित्वाचेही तेच. लक्ष्य वरून येते आणि शेवटी पडते मुख्याध्यापकाच्या डोक्यावर. 2023 मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांना नावे ठेवणे सोपे होते. शिकवणे सोडून सगळी कामे करणाऱ्या माणसाला आणखी एक आकडा भरायला सांगितला तर तो आकडाच भरणार. त्याला जाब विचारण्याआधी योजनेने स्वतःचा हिशेब द्यावा. किती जणांची नोंदणी झाली, किती परीक्षेला आले, किती मध्येच सुटले आणि का सुटले. सुटलेल्यांची यादी कुणी छापत नाही. वास्तविक कार्यक्रमाची कसोटी तिथेच आहे. ऊसतोडीला गेलेले, रात्री डोळ्यांना दिसत नाही म्हणून थांबलेले, घरच्यांनी हसून गप्प बसवलेले, हे सगळे त्या यादीत सापडतील. मे 2025 मध्ये गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाले. महाराष्ट्रालाही तशी घाई होईल. ग्रामगौरव समारंभांचा अनुभव असलेल्या या भागाने तरी ती घाई करू नये.

हे मोजमाप माणसाच्या हक्काशी जोडले गेले की काय होते, याचा दाखलाही इथलाच आहे. जानेवारी 1939 मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. घटना गांधीजींच्या सल्ल्याने झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन त्या कामात होते. गावपंचायतींच्या पायावर राज्य, आणि मत लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. अक्षर येत नाही म्हणून मत नाकारणे आम्हाला अन्यायाचे वाटते, आणि स्वतंत्र भारताने ती अट ठेवली नाही हे उत्तम झाले. तरी एक गोष्ट मानली पाहिजे. त्या मुलखात आपण कशासाठी शिकतो आहोत, हे शिकणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नव्हते.

दुसरा दाखला माण तालुक्यातला, आणि तो आम्हाला जास्त भावतो. 1990 च्या दशकात म्हसवडला बायकांची सहकारी बँक काढायचे ठरले. चेतना गाला सिन्हा यांनी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पुष्कळशा प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून तो नामंजूर झाला. बायका हिरमुसल्या, मग शिकायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून देतो; तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांनी आपली परीक्षा आपणच मांडली आणि तपासणाऱ्यालाही तिच्यात बसवले. प्रौढ शिक्षणाच्या मूल्यमापनावर आम्हाला याहून चांगला धडा माहीत नाही.

म्हणून आमची मागणी आहे की, उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाची वर्षाने पुन्हा भेट घेतली जावी आणि त्याच्याच घरातल्या कागदावर त्याला तपासले जावे. निकाल ग्रामसभेत वाचला जावा, सुटलेल्यांसह. गावाच्या पाण्याचा आणि रस्त्याचा हिशेब तिथे होतो, तसा अक्षराचाही व्हावा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

आणि काही जबाबदारी आम्हा अंकवाल्यांचीही आहे. कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाले. मराठी मासिकांचा एवढा मोठा संसार सांगली जिल्ह्यात उभा राहिला. त्या परंपरेतले आम्ही नव्याने वाचायला लागलेल्या माणसासाठी काय छापतो? नवसाक्षराच्या हाती वर्षभर काही पडले नाही तर तो विसरणारच, आणि तो दोष त्याचा नाही. म्हणून या अंकाच्या मध्यभागी आठ पाने मोठ्या टाइपात दिली आहेत. लहान वाक्ये, जोडाक्षरे बेताची, विषय मात्र मोठ्या माणसांचे: पीकविमा, रक्तदाब, बचत गटाचा हिशेब आणि एक गोष्ट. ती पाने पिना काढून अलग करता येतात.

आपल्या घरात, वाड्यावर किंवा रानात कामाला येणाऱ्यांत गेल्या मार्चमध्ये ही परीक्षा दिलेले कुणीतरी असेल. ती आठ पाने त्यांना द्या, शेजारी बसा आणि त्यांना वाचू द्या. कुठे अडखळले, काय कळले नाही, कोणता विषय हवा होता, हे पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. नाव कळवू नका, त्याची गरज नाही. आलेली प्रत्येक नोंद पुढच्या दिवाळीत याच जागी छापू, आणि पानांची सुधारणा तिच्यावरूनच करू.



संपादक