बूथनिहाय आकड्यांतला मतदार

आपण कोणाला मत दिले हे मतदाराने स्वतःहून सांगणे आणि ते इतरांनी त्याच्याकडून काढून घेणे, या दोन गोष्टींत कायद्याने स्पष्ट फरक केला आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या राजकारणात मात्र हा फरक पुसट होत चालला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ९४ नुसार कोणाही साक्षीदारावर किंवा अन्य व्यक्तीवर आपले मत उघड करण्याची सक्ती करता येत नाही, तर कलम १२८ नुसार मतदानाच्या व मोजणीच्या कामावरील व्यक्तींनी गुप्तता मोडल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही गुप्तता मतदाराचे संरक्षण असल्याने ती सोडून देण्याचा अधिकारही त्याचाच आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रघबीरसिंग गिल विरुद्ध गुरुचरणसिंग तोहरा या खटल्यात लावला. त्यामुळे मतदान केंद्राबाहेर, गावच्या पारावर बसून आपला कौल आणि त्यामागची कारणे मोकळेपणी सांगणारा नागरिक काहीही गैर करत नाही. उलट कारणांसह सांगितलेले मत शेजाऱ्याला विचार करायला लावते, आणि असे बोलणे वाढावे हेच इष्ट आहे.

असे बोलणे येथे झालेही आहे. ७ मे २०२४ रोजी झालेल्या लोकसभेच्या मतदानात सुप्रिया सुळे यांनी अजित पवार यांच्या बाजूच्या सुनेत्रा पवार यांचा १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी पराभव केला आणि बारामती विधानसभा क्षेत्रातही सुमारे ४८ हजारांची आघाडी घेतली. त्याच क्षेत्राने २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी अजित पवार यांना सुळे यांच्या बाजूच्या युगेंद्र पवार यांच्यावर १ लाख ८९९ मतांनी विजयी केले. ‘लोकसभेला ताई (सुळे), विधानसभेला दादा (अजित पवार)’ हे वाक्य त्या काळात तालुकाभर उघडपणे बोलले जात होते. सहा महिन्यांत एवढा मोठा कल बदलणारा मतदार गोंधळलेला नव्हता, तर दोन पदांसाठी दोन वेगळे निर्णय घेण्याइतका जाणता होता. एकाच पवार घराण्यातील दोन बाजूंपैकी एकीचीही नाराजी न ओढवता त्याला हे करता आले, याचे कारण वाक्य सर्वांच्या तोंडी होते, पण प्रत्यक्ष बटण कोणी कोणते दाबले हे कोणालाच दिसत नव्हते.

हे संरक्षण येथे विशेष मोलाचे आहे, कारण या भागातील शेतकऱ्याचे जगणे ज्या संस्थांवर उभे आहे, त्यांची सूत्रे बहुधा मते मागणाऱ्यांच्याच हाती असतात. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडून उसाला वेळेवर तोड मिळणे, विकास सोसायटीचे पीककर्ज, दूध संघाची देयके, शिक्षणसंस्थेतील मुलाची नोकरी आणि नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील गावांना मिळणारे पाण्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक अंतराने सोडली जाणारी पाण्याची पाळी, या सर्व ठिकाणी कोणाची ना कोणाची मर्जी लागते. अशा माणसाला कार्यकर्त्याने ‘यंदा कोणाकडे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर मोकळे राहत नाही. आणि ज्याच्या हाती तोड किंवा कर्ज आहे त्याने हा प्रश्न विचारूच नये, एवढी मर्यादा सहकारातील प्रत्येक पदाधिकाऱ्याने पाळली पाहिजे.

तथापि, मतदाराने तोंड उघडले नाही तरी आकडे बोलतात, आणि या विषयातील खरी अडचण ही आहे. मतदान यंत्रे केंद्रवार मोजली जातात आणि ‘नमुना २०’ या अंतिम निकालपत्रकात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली हे प्रसिद्ध होते. शंभर-दोनशे घरांच्या गावाला किंवा वाडीला एकच केंद्र असेल, तर ते पत्रक म्हणजे त्या वस्तीचा उघड जबाबच ठरतो. तेव्हा एकाच पक्षात असलेल्या सुळे यांना मते न दिल्यास पाणी तोडू, अशी धमकी अजित पवार यांनी बारामती तालुक्यातील मासाळवाडीत दिल्याचा आरोप २०१४ मध्ये झाला होता व त्यांनी तो नाकारला होता. एप्रिल २०२४ मध्ये इंदापुरातील डॉक्टर-वकिलांच्या मेळाव्यात त्यांनी निधी आणि बटण यांची सांगड घालणारे विधान केले, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यात आचारसंहितेचा भंग नसल्याचा निर्वाळा दिला. या दोन प्रसंगांतील खरेखोटे काहीही असो, गावाला पाणी किंवा निधी मतांच्या हिशेबाने देण्याची भाषा कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला करता येते, ती गावाचा हिशेब मोजणीनंतर हाती पडतो म्हणून.

यावर उपाय उपलब्ध आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रांसाठी हेच काम ‘टोटलायझर’ हे उपकरण करते: चौदा यंत्रे एकमेकांना जोडून त्यांची फक्त एकत्रित बेरीज ते दाखवते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला आणि विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली, परंतु केंद्रवार निकालामुळे आपण कोठे कमी पडलो हे उमेदवारांना कळते आणि तेथे अधिक काम करता येते, या कारणास्तव केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. हा युक्तिवाद मान्य करणे कठीण आहे. कोठे कमी पडलो हे कळलेला पुढारी तेथे रस्ता बांधेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या सरकारने तोच पुढारी तेथला मंजूर रस्ता रोखून धरील ही शक्यताही विचारात घ्यायला हवी होती. चौदा केंद्रांच्या बेरजेतूनही लोकांची नाराजी पुरेशी कळते. त्यातून कळत नाही ते फक्त एकट्या वाडीचे नाव.

स्थानिक प्रश्नावरील थेट कौलात, उघड बोलणाऱ्यालाही मताची गुप्तता लागते ही समज महाराष्ट्राने आधीच दाखवली आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी २००८च्या आदेशानुसार गावातील एकूण किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारल्यास दुकान बंद होते. दारूबंदीची मागणी बायका उघडपणे करतात, मोर्चे काढतात, तरी प्रत्यक्ष मतदान गुप्तच ठेवले जाते, कारण त्यांपैकी अनेकींना त्याच संध्याकाळी दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या घरी परतायचे असते. कारखान्याच्या सभासदाला आणि कालव्याच्या शेपटावरील शेतकऱ्यालाही असाच आडोसा देण्यासाठी केंद्र सरकारने आपला नकार मागे घेऊन निवडणूक नियमांत दुरुस्ती करावी, आणि तिची मागणी बारामती व इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत व विधिमंडळात पक्षभेद बाजूला ठेवून करावी.