टेकूवर जगणाऱ्यांनो, नोटीस काढा

चाळसंस्कृतीवर गहिवरून लिहिणारे फ्लॅटात राहतात. आम्ही चाळीत राहतो. आम्हाला गॅलरी म्हणजे गंमत नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं मावत नाहीत म्हणून गॅलरी. पोरं तिथंच अभ्यास करतात, रात्रपाळीवाला दिवसा तिथंच आडवा होतो, मयतही तिथंच ठेवायचं. निम्मा संसार हवेत लटकलाय आणि ज्या लाकडावर लटकलाय ते सडलंय.

मी गोदीत माल उचलतो. तिथं क्रेनच्या हूकवर किती टन पेलेल ते कोरलेलं असतं. दोर, साखळी तपासायचा नियम आहे. पाळतात किती ती गोष्ट वेगळी, पण नियम आहे. साखरेच्या पोत्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही. आमच्या गॅलरीत किती माणसांनी उभं राहायचं, कुठल्या भिंतीवर लिहिलंय?

मित्रांनो, गॅलरी पडते कशी ते समजून घ्या. तुळईचा जो भाग भिंतीत गाडलेला असतो तो आधी कुजतो. पावसाचं, मोरीचं पाणी भिंतीत मुरतं, लाकडाला वारा लागत नाही, वाळवी तिथंच घर करते. बाहेरून तुळई धडधाकट, वर ऑइलपेंट. लोखंड असेल तर खाऱ्या हवेनं गंजतं, फुगतं आणि भोवतीचं सिमेंट फोडतं. हे कळायला इंजिनियर लागत नाही. पेचकस घ्या, भिंतीलगत तुळईत खुपसा. भिजल्या पावात शिरावा तसा आत गेला, तर समजा.

आणि चाळीचं कुठलं टोक आधी कुजतं? संडासाकडचं. आमच्या चाळीत तिथल्या खोल्या कुणाच्या वाट्याला आल्या हे सांगायला नको. गावात गावकुसाबाहेर, शहरात संडासाशेजारी.

मालकाचं रडगाणं पाठ झालंय : भाडं शंभर रुपये, दुरुस्ती कुठून करू? अर्धं खरं आहे. १९४७च्या कायद्यानं भाडं १९४०च्या पातळीवर गोठवलं. पण पागडी कुठं गोठली? खोली हातबदल झाली की त्याचा हिस्सा आजच्या भावानं. भाडं आज्याच्या काळातलं दाखवायचं, पागडी आजची घ्यायची. जो भाडं खातो आणि घर पडू देतो, त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

सरकारचा कायदा बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ : दुरुस्ती मालकानंच करायची. नोटीस दिल्यावर १५ दिवसांत केली नाही, तर भाडेकरूनं करावी, खर्च भाड्यातून कापावा. छाती फुगते वाचून. पुढं वाचा : वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येणार नाही. महिना १०० म्हणजे वर्षाचे १,२००. चौथा हिस्सा ३००. ३०० रुपयांत सागवानी तुळई सोडा, सुताराचा रोजसुद्धा सुटत नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

१९६९च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला. मंडळाच्या खर्चालाही मर्यादा; वरचे पैसे भाडेकरूंनी काढायचे. नाही काढले तर टेकू. टेकू लागला की काम झालं, पुढची दहा वर्षं त्याच्यावर कपडे वाळतात.

३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं मेली. २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, ६१ मेली. तिथं मालक कुणी शेठ नव्हता. मालक महापालिका होती आणि वर तिचेच कामगार राहत होते. म्हणजे मालकाची जात बदलली तरी नियत बदलत नाही.

आमची मागणी साधी आहे. दर वर्षी पावसाच्या आधी भाडेकरूंसमक्ष तुळई तपासा. गॅलरी किती वजन पेलते ते दारावर लिहा. चौथ्या हिश्श्याची अट काढा. आधी दुरुस्ती करा, जबाबदारी कुणाची हे कोर्टात मागाहून भांडा.

तोवर एकेकट्यानं मालकाच्या पाया पडणं बंद. नोटीस लिहा, सगळ्या खोल्यांच्या सह्या घ्या, बायांच्याही. पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. पंधरा दिवस मोजा. सोळाव्या दिवशी सगळी चाळ घेऊन मालकाच्या घरी जा आणि त्याच्या गॅलरीत उभे राहा. ती मजबूत असते.