परमिट रूम : तिकडची आणि आमची

‘परमिट रूम’ ही पाटी न ओळखणारा मनुष्य आमच्या मराठवाड्यात विरळा. अक्षरशत्रूसही ती ओळखता येते. परंतु हे नाव आले कोठून, असे विचारल्यास त्या पाटीखाली नित्य बसणारेही निरुत्तर होतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लंडनहून नेमके हेच विचारले आहे. मुलाच्या वाढदिवसानिमित्त ते कुटुंब तेथील ‘दिशूम’ नामक उपाहारगृहात गेले होते. तेथल्या पानगृहास ‘परमिट रूम’ म्हणतात. मुलाने अर्थ विचारला, बापास तो सांगता येईना. त्यास उत्तर धाडलेच आहे. परंतु विषय वाचकांच्याही घरचा आहे, म्हणून येथे थोडा विस्तार करतो.

‘दिशूम’ची पहिली शाखा २०१० साली लंडनमध्ये निघाली. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांची ती हुबेहूब आठवण. एक शाखा तर किंग्ज क्रॉस येथील रेल्वेच्या जुन्या मालगोदामात थाटली आहे. गोल वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, जुन्या तसबिरी, आणि चोवीस तास मंदाग्नीवर शिजविलेली काळी डाळ. हे खाण्यासाठी साहेबलोक थंडीत रांग लावून उभे राहतात! इकडे खऱ्या इराण्यांची गत काय? एके काळी मुंबईच्या नाक्यानाक्यावर ती होती. आता बोटांवर मोजावी इतकी उरली. १९०४ चे कयानी आणि १९२३ चे ब्रिटानिया ही अजून तग धरून आहेत. जेथे चार आण्यांत चहा व ब्रून-मस्का मिळे ती जागा गेली, आणि तिची प्रतिकृती परदेशात पौंडांनी विकली जाते. आम्हांस यात विषाद वाटतो खरा. पण प्रतिकृती करणाऱ्यांनी निदान आठवण तरी ठेवली, हेही कबूल केले पाहिजे.

आता नावाविषयी. १९४९ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. गृहखाते मोरारजीभाई देसायांकडे होते. पुढल्याच वर्षी बंदी सर्वत्र लागू झाली. परदेशी पाहुण्यांस आणि प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा दाखला आणणारांस तेवढा परवाना मिळे. अशा परवानेवाल्यांनी बसावयाची हॉटेलातील आडबाजूची खोली म्हणजे परमिट रूम. त्या काळात दाखला मागणारे रोगी मुंबईत एकाएकी किती वाढले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. आमची पाथरी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि तो कायदाही मागाहून आला. पुढे बंदी सैल झाली, परंतु कायदा रद्द झाला नाही. नाव तेवढे ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे पालटले. मद्यप्राशनास आजही परवाना लागतो! ज्या कायद्याचे नाव दारूबंदी, त्याच्याच आधारे दारूचे दुकान चालते, असा हा चमत्कार आहे.

लंडनमध्ये ही खोली गमतीचा विषय झाली आहे, याचा आम्हांस राग नाही. पानगृह शोभिवंत करावे ही कल्पना नवी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण लिहिले आहे. पानागारास अनेक दालने असावीत, निरनिराळी शय्यासने असावीत, गंध, माल्य व उदक असावे, ते सर्व ऋतूंत सुखावह असावे, असे तो सांगतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. कोण आपल्या ऐपतीबाहेर खर्च करतो यावर तेथे गुप्तचरांनी नजर ठेवावी. गिऱ्हाईक धुंद होऊन निजले असता त्याचे अलंकार, वस्त्र वा द्रव्य नाहीसे झाल्यास विक्रेत्याने ते भरून द्यावे आणि तितकाच दंड भरावा. आचार्यास सजावट कळत होती आणि सजावटीच्या आत काय घडते तेही कळत होते. ‘दिशूम’च्या मालकांस अर्थशास्त्र वाचण्याची गरज नाही, त्यांचे गिऱ्हाईक बिल चुकते करून सुखरूप घरी जाते.

आमच्या इकडल्या परमिट रूममध्ये आरसे नाहीत, तसबिरी नाहीत. हिरव्या पडद्याआड अंधार, फरसाणाची बशी आणि कापसाचे पैसे हाती आलेला शेतकरी. शाळेत असताना आमच्याकडे एका विद्यार्थ्याची आई दिवेलागणीस येई. “गुरुजी, तुम्ही नुसते दारात उभे राहा. तुम्हांस पाहून ते उठतील. बी-भरणाचे पैसे आहेत खिशात.” आम्ही दोन वेळा गेलो. आत पाऊल टाकले नाही. दारात उभे राहून नावाने हाक मारली. तो मनुष्य मान खाली घालून बाहेर आला, आमच्या पुढे चालत घरापर्यंत गेला, आणि बायकोच्या हाती नोटा ठेवल्या. किती उरल्या होत्या ते आम्ही विचारले नाही. तिसऱ्या वेळी तिने बोलाविले तेव्हा आम्ही परगावी होतो. पुढल्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात कपबशा विसळताना दिसला. आम्हांस पाहून त्याने हात पुसले आणि नमस्कार केला.