परवाना स्वस्त, मैदा महाग

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस बेकरीच्या दारात डबे घेऊन बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एक जुनी अर्थव्यवस्था ठाऊक आहे. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घरची आणि भट्टी तेवढी बेकरीवाल्याची. किलोमागे ठरलेली भाजणावळ मोजायची आणि नानकटाईचा डबा घेऊन घरी परतायचे. कच्चा माल आपला व साधन भाड्याचे, अशी ही व्यवस्था होती. आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांतून घरच्या घरी केक, बिस्किटे आणि नानकटाई करून विकणाऱ्या स्त्रिया दिसू लागल्या आहेत. त्यांच्या बाबतीत हे नाते नेमके उलटे झाले आहे. भट्टी विजेच्या पेटीच्या रूपाने स्वयंपाकघरात आली आहे. कच्चा माल मात्र रास्त भावात हाती येत नाही.

या धंद्याची चर्चा निघाली की प्रथम परवान्याचा बाऊ केला जातो. वस्तुतः अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम ३१ ने स्वतः पदार्थ करून विकणाऱ्या लहान उत्पादकाला परवान्याच्या अटीतून वगळले असून त्याने केवळ नोंदणी करावी एवढीच अपेक्षा ठेवली आहे. ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेल्या विनियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल या वर्गात धरली आणि नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले. इतकेच नव्हे, तर अर्ज केल्यापासून सात दिवसांत नोंदणी मिळाली नाही, नाकारलीही गेली नाही आणि तपासणीचा आदेशही निघाला नाही, तर अर्जदाराला धंदा सुरू करण्याची मुभा याच विनियमांनी दिली. आपल्याकडील परवाना-राज्याचा पूर्वेतिहास पाहता ही तरतूद उदारच म्हटली पाहिजे. तेव्हा ‘नोंदणी परवडत नाही’ ही सबब टिकणारी नाही.

शिवाय ही नोंदणी म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार नव्हे. पावाच्या पिठात घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये मान्य पदार्थांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. तेल-तुपातील ट्रान्स फॅटचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणण्यात आले. केक खाणाऱ्या लहान मुलाच्या आईला या गोष्टी तपासता येत नाहीत. ती वेष्टनावरील चौदा आकडी क्रमांकावर विसंबते. तो क्रमांक छापणाऱ्या स्त्रीने आपले तूप व मैदा कोठून आला हे सांगू शकले पाहिजे. परंतु ती बिलाविना सुटा माल घेत असेल तर ते कसे सांगणार? म्हणजे नोंदणीचा प्रश्नही अखेर खरेदीपाशीच येऊन थांबतो.

वहीतला हिशेब

माझी एक माजी विद्यार्थिनी गेली तीन वर्षे हा व्यवसाय करते. मध्यंतरी ती आपली जमाखर्चाची वही घेऊन आली. तिचा प्रश्न साधा होता: ‘सर, केक रोज विकला जातो, मग पैसा का दिसत नाही?’ समजण्याच्या सोयीसाठी आकडे गोल करून घेऊ. महिन्याची विक्री १६,००० रुपये. किरकोळ दुकानातून आणलेला माल १०,००० रुपयांचा. वीज, खोकी आणि माल पोहोचविणे यांवर ३,००० रुपये. उरले ३,०००, हाच तिचा नफा आणि हीच तिची मजुरी. आता हाच माल घाऊक भावाने पंधरा टक्के स्वस्त मिळाला असे समजू. वाचले १,५०० रुपये आणि हाती राहिले ४,५००. मालाच्या खर्चात पंधरा टक्के बचत म्हणजे कमाईत पन्नास टक्के वाढ! जेथे विक्रीतला मोठा वाटा कच्चा माल खातो, तेथे धंद्याचे भवितव्य विक्रीपेक्षा खरेदीत ठरते. किंमत वाढविणे तिच्या हाती नाही, कारण कोपऱ्यावरची बेकरी तिला ते करू देत नाही.

कररचनेचीही यात भूमिका आहे. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद व लेबल लावलेल्या मैद्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर आला, तो पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनांपुरता. पन्नास किलोचे पोते घेणारा त्यातून सुटला; एक किलोची पिशवी घेणारी सापडली. मोठ्या कारखान्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री असलेली गृहउद्योजिका कराच्या नोंदणीबाहेर राहते, म्हणून तिने भरलेला कर हा तिचा खर्चच होऊन बसतो. याची भरपाई एका बाजूने होत असे. कारखान्याच्या केकवर अठरा टक्के कर होता, हिच्या केकवर नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक व बिस्किटांवरील दर पाच टक्क्यांवर आला. लोणी आणि चॉकलेट यांवरील करही घटल्याने तिचा थोडा फायदा झाला, हे मान्य. परंतु अठरा टक्क्यांची तटबंदी पाचांवर आली. त्यापूर्वी, २०१५ मध्ये, लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंची अखेरची यादी रद्द झाली, तीत पावाचाही समावेश होता. संरक्षणाचे दिवस सरले आहेत. त्यांबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही, पण पर्याय शोधलाच पाहिजे.

पोते का घेत नाही?

यावर कोणी म्हणेल, तिनेही पोते घ्यावे! पण पन्नास किलो मैदा तिला दोन-तीन महिने पुरेल आणि तोवर त्याला कीड लागेल. लोण्याच्या पेटीला शीतकपाट हवे आणि अखंड वीज हवी. घाऊक व्यापारी रोख मागतो. किरकोळ दुकानदार उधारी देतो आणि तिची किंमत भावात वसूल करतो. सोलापूरची बाजारपेठ धाराशिवहून सत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढ्यासाठी तेथे जाण्यात दिवस आणि भाडे दोन्ही जातात. एकटीला पोते परवडत नाही. पाचजणींना मात्र ते वाटून घेता येते.

ही काही नवी कल्पना नव्हे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’ची कहाणी आपण कौतुकाने सांगतो, पण तिच्यातील अर्थशास्त्र सांगत नाही. तेथे पापड घरोघर लाटले जातात. डाळ, हिंग, मसाला यांची खरेदी मात्र एका जागी होते आणि भिजवलेले पीठच सभासद भगिनींच्या हाती दिले जाते. श्रम विखुरलेले, खरेदी एकवटलेली. खरेदी एक म्हणून चव एक आणि चव एक म्हणून बाजार टिकला.

आपल्या जिल्ह्याला संघटनेचे वावडे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात घरे पुन्हा उभी करण्याच्या कामात स्त्रिया पुढे आल्या, ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थेने त्यांना साथ दिली आणि पुढे बचतगटांची वीण घट्ट झाली. आज ‘उमेद’चे ग्रामसंघ व प्रभागसंघ आहेत, ‘माविम’ची लोकसंचालित साधन केंद्रे आहेत. २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रासाठी ३५ टक्के अनुदान होते आणि बचतगटाच्या प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांचे बीजभांडवलही होते. चर्चा झाली ती अनुदानाची. यंत्र डोळ्यांना दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. खेळते भांडवल दिसत नाही. वास्तविक या धंद्यात भट्टी रिकामी राहते ती यंत्राच्या अभावी नव्हे, तर स्वस्त मालाच्या अभावी.

सहकाराचे कडू घोटही या जिल्ह्याने घेतले आहेत आणि उधारी, वशिला, भांडणे यांत गट बुडतात, ही शंका रास्त आहे. म्हणूनच आरंभ लहान असावा. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक खोली. आठवड्यातून एकदा मागणी. मागणीबरोबरच पैसे, उधारी नाही. व्यापाऱ्याचे बिल आणि सभासदांचा भाव दोन्ही फळ्यावर लिहिलेले. मैदा, साखर, लोणी आणि खोकी या चार वस्तूंपलीकडे पहिले वर्षभर जाऊ नये. प्रभागसंघाने खोली द्यावी, बँकेने एका महिन्याच्या खरेदीपुरते कर्ज द्यावे आणि अन्न प्रशासनाने तेथेच येऊन नोंदण्या कराव्यात. एवढ्यासाठी नव्या योजनेची वा नव्या महामंडळाची गरज नाही.

माझ्या विद्यार्थिनीला मी तिचा हिशेब समजावून दिला. ती म्हणाली, ‘म्हणजे मी केक विकून दुकानदाराचा मैदा खपवते.’ अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात याहून नेमके उत्तर मला क्वचितच मिळाले आहे. शंभर रुपयांत तिला धंद्याचा अधिकार देऊन शासनाने आपले अर्धे काम केले. त्या अधिकारातून तिचे घर चालावे असे वाटत असेल तर तिला पोत्याच्या भावापर्यंत पोहोचविले पाहिजे.