जमिनीतील काळे धन आणि देवरीचा शेतकरी

शेतकरी बंधूंच्या हाती सरकारने ‘जमीन आरोग्य पत्रिका’ नावाचा एक कागद दिला आहे. ही योजना ता. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड येथे सुरू झाली. कागदावर बारा बाबी असतात व त्यांतील एकीचे नाव ‘सेंद्रिय कर्ब’. आमच्या देवरी तालुक्यात तो रकाना किती जणांनी वाचला, हे आम्ही विचारीत नाही. कागद आढ्याला खोवून ठेवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग आहे, हे त्यांस कोणी समजावून सांगितलेच नाही, तर दोष त्यांच्या माथी का मारावा?

हा कर्ब म्हणजे काही परदेशी चीज नव्हे. पाला, मुळ्या, शेण, मेलेले किडे कुजून जो काळपट अंश मातीत उरतो, त्यात निम्म्याहून थोडा अधिक कर्बच असतो. तो पाणी धरतो, खत धरून ठेवतो, माती भुसभुशीत राखतो. शेकडा अर्ध्याहून कमी असला तर जमीन दुबळी आणि पाऊण टक्क्याच्या वर गेला तर सधन, असा आपल्या देशातील प्रयोगशाळांचा हिशेब आहे. अर्धा टक्का म्हणजे फार थोडे वाटते. पण एका एकराची वरची वीतभर माती सुमारे नऊ लाख किलो भरते. तेव्हा टक्क्याचा दहावा हिस्सा घटला, की एकरी नऊ क्विंटल कर्ब उडाला असे समजावे. तो परत आणावयाचा तर गाड्यांनी शेणखत घालावे लागते, आणि त्यातलाही बहुतेक भाग कुजताना हवेत जाऊन थोडाच मातीत राहतो.

आता मुख्य गोष्ट. ही दौलत सर्व शिवारात सारखी पसरलेली नसते. देवरीहून चिचगडच्या बाजूस जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहावे. वर टेकाडावर जंगल, तेथे पाल्याखालची माती काळी व मऊ. जंगल तुटून उघडी पडलेली बरड मात्र निव्वळ खडे; पावसाने वरचा थर नेला व त्याबरोबर कर्बही गेला. उतरणीला हलकी सिहार, तिच्यात रेती फार, म्हणून कुजलेला अंश टिकत नाही. खाली मोरांड व कन्हार, त्यांत चिकण अधिक, आणि चिकण कर्बाला धरून ठेवते. सखल बांधीत धानाला पाणी उभे असते, तेथे कुजणे मंद होते, म्हणून कर्ब तगतो. (त्याच पाण्यातून मिथेन वायूही सुटतो, हे लपविण्यात अर्थ नाही.) बोडीच्या तळाशी वरून वाहून आलेला गाळ साचतो, तो तर आयता साठाच. आणि रंगाला भुलू नये. वऱ्हाडातील कपाशीची जमीन दिसावयास काळीभोर, पण उष्णता, कोरडेपणा व वर्षानुवर्षांची नांगरट यांनी तेथे कर्ब बेताचाच उरला आहे.

ही गोष्ट प्रयोगशाळा निघण्यापूर्वीच जोतीरावांनी ओळखली होती. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी दाखविले, की डोंगरावरील पाला, गवत व मेलेल्या जीवांचा कस पावसाच्या पाण्याने खाली शेतात उतरत असे आणि त्यावर कुणब्याची जमीन पिकत असे. जंगलखात्याने डोंगर अडविले आणि शेतकऱ्याची गुरे चराईस मुकली, हा त्यांचा आरोप होता. पाणी मुरावे म्हणून ताली व बांध घालण्याचा उपायही त्यांनीच सुचविला. मातीच्या कर्बाचे गणित करण्याची वॉकले व ब्लॅक यांची रीत १९३४ ची आहे. ज्यांस अडाणी म्हणून हिणविले गेले, त्यांचा कळवळा असणारा माणूस पन्नास वर्षे आधी त्याच ठिकाणी पोचला होता.

आणि आमचे शहाणे काय करितात? योजना निघाली तेव्हा नियम ठरला, की ओलिताच्या अडीच हेक्टरांत एक नमुना आणि कोरडवाहूच्या दहा हेक्टरांत एक. सपाट मुलखात हे खपून जाईल. देवरीच्या दहा हेक्टरांत बरड आहे, सिहार आहे, कन्हार आहे आणि एखादी बोडीही आहे! टेकाडावरच्या खड्याचा आकडा सखल बांधीच्या धन्यास दिला, तर त्याने त्याचे काय करावे? वैद्याने वाड्यातील एकाची नाडी पाहून सगळ्या बिऱ्हाडांस तेच औषध द्यावे, तसली ही तऱ्हा.

दुसरे दुखणे अधिक खोल आहे. कर्ब वाढावयास आठ-दहा वर्षे लागतात आणि ठेक्याने किंवा बटईने शेत करणाऱ्याचा करार असतो एका वर्षाचा. पुढच्या साली शेत आपल्याकडे राहील की नाही याचा भरवसा नसलेला मनुष्य दुसऱ्याच्या बांधीत शेणखत कशासाठी ओतील? तो युरिया टाकतो व पीक काढून घेतो. त्यास आळशी म्हणणाऱ्यांनी प्रथम त्याचा करारनामा पाहावा. बहुधा तो तोंडीच असतो. आता कर्बाच्या पतपत्रांचा बाजारही निघाला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली त्याची योजना जाहीर केली. उद्या कोणी दलाल मातीतील कर्बाचे पैसे देऊ लागला, तर ते सातबाऱ्यावरील नावास मिळणार की चिखलात राबणाऱ्या हातास, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

आमच्या लोकांचे दोषही सांगणे प्राप्त आहे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात, आणि तीच आग जंगलात शिरते. धसकटे जाळतात. शेण चुलीत जाते. पण ज्या घरी दुसरे जळण नाही त्या बाईस आम्ही कोणत्या तोंडाने दोष देणार? जंगलातला सगळा पाला ओरबाडून बांधीत आणा, असेही आम्ही म्हणत नाही. ते तर एका भावाचे ताट दुसऱ्यापुढे ओढणे झाले. त्यापेक्षा धुऱ्यावर गिरिपुष्प लावावे आणि त्याचा कोवळा पाला रोवणीच्या आधी चिखलात तुडवावा. चारसूत्री धानशेतीत हे एक सूत्रच आहे, व तणसाचा काही भाग शेतात परत घालावा हे दुसरे. बोडीचा गाळ उन्हाळ्यात काढून बरड-सिहारावर टाकावा. त्यासाठी २०१७ पासून सरकारची योजना आहे. मात्र गाळ ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्याच शेतात जातो काय, हे ग्रामसभेने पाहावे.

लाखोळी निघाली की नमुने घेण्याचा हंगाम येईल. माती नेणारा आला तर त्यास बांधावरून परत जाऊ देऊ नये. टेकाड, उतरण व सखल यांच्या निरनिराळ्या पिशव्या भरावयास लावाव्या, प्रत्येकीवर बरड, सिहार, मोरांड अशी आपली नावे लिहावी आणि शेत कोण करितो त्याचेही नाव घालावे.