कासाडीसाठी करार करा

पेंधरला मेट्रो संपते. बेलापूरहून निघालेली गाडी ११.१ किलोमीटरच्या वाटेवरची अकरा स्थानके घेत तळोज्याच्या वेशीवर येऊन थांबते. मे २०११ मध्ये भूमिपूजन झालेली ही गाडी धावायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. तरी ती आली याचा इथल्या माणसाला आनंदच आहे. कर्ज काढून घर घेतलेला हा माणूस संध्याकाळी घरी पोचतो आणि आधी खिडक्या लावून घेतो. रात्र चढली की औद्योगिक वसाहतीकडून उग्र दर्प येतो. लहान मूल खोकत उठते. तक्रार कोणाकडे करायची, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

तळोज्याचे दुखणे इथे आहे. कारखान्यांचे भूखंड, तिथले रस्ते आणि गटारे एमआयडीसीची. निवासी वसाहतीची आखणी सिडकोची. गावे, कचरा आणि मालमत्ता कर १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेचा. नदीवर आणि धुरांड्यांवर नजर ठेवायची प्रदूषण नियंत्रण मंडळाने. गटार तुंबले, की ते नेमके कोणाच्या हद्दीत तुंबले याचा शोध आधी सुरू होतो आणि तो लागेपर्यंत पाणी दारात येते. महापालिकेने स्थापनेच्या दिवसापासूनचा मालमत्ता कर मागितला, तेव्हा सिडकोला सेवाशुल्क भरून बसलेले रहिवासी संतापले, ते उगाच नव्हे. एकाच झाडलोटीचे पैसे दोनदा का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. त्यात २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे निवडणूकच झाली नाही. त्या काळात हक्काने जाब विचारावा असा नगरसेवकही उरला नाही.

या सगळ्याच्या आधीपासून इथे राहणारे लोक तर हिशेबातच नसतात. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. गावठाणे वाढली नाहीत, कुटुंबे मात्र वाढली. मग गरजेपोटी घरे बांधली गेली आणि ती अनधिकृत ठरली. जमीन गेली, आणि ज्या कासाडी नदीने शेत आणि खाडी दोन्ही जगवली तिच्यात रसायने वाहू लागली. ही नदी औद्योगिक वसाहतीतून कळंबोली, कामोठ्याकडे आणि पुढे पनवेलच्या खाडीत जाते. तिचे पाणी बिघडते, तेव्हा खाडीवर जाळे टाकणाऱ्याची चूल विझते.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री कारखान्यातल्या रंगामुळे निळी झालेली दिसली आणि ती छायाचित्रे जगभर पोचली. एका कारखान्याला टाळे लागले. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. तळोज्याचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हीच मुळात सरकार आणि उद्योजकांची भागीदारी होती. ते चालवायला कारखानदारांची सहकारी संस्था होती. कल्पना चांगली होती. चूक अशी झाली, की घाण सोडणारे आणि ती किती साफ झाली हे मोजणारे एकाच बाकावर बसले, आणि नदीकाठच्या माणसाला त्या बाकावर जागाच नव्हती. म्हणून ‘खाजगी सहभाग आणा, सारे ठीक होईल’ असे कोणी म्हणत असेल, तर आम्हाला ते मान्य नाही. सहभाग कोणाचा, कशाच्या बदल्यात आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी ठरले पाहिजे.

जर्मनीतल्या रूर खोऱ्यात एम्शर नावाची नदी आहे. खाणींमुळे तिथली जमीन खचत असे. त्यामुळे जमिनीखाली गटारे टिकत नसत, आणि म्हणून ही नदीच साऱ्या शहरांचे आणि कारखान्यांचे उघडे गटार बनवली गेली. १८९९ मध्ये शहरे, खाणमालक आणि कारखानदार यांची एक संस्था तिथे स्थापन झाली. सदस्यत्व ऐच्छिक नव्हते, कायद्याने बांधलेले होते, आणि ज्याचा भार जास्त त्याची वर्गणी जास्त. जमीन खचणे थांबत आल्यावर १९९२ मध्ये याच संस्थेने नदी मोकळी करण्याचे काम हाती घेतले. सुमारे साडेपाच अब्ज युरो आणि तीस वर्षे लागली. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी सोडणे थांबले, नदीत मासे परतले आणि काठच्या जुन्या कामगार वस्त्यांना फिरायला नदीकाठ मिळाला. तिथे मताचे वजन वर्गणीवर ठरते. हा भाग मात्र आपल्याला उचलता येणार नाही, कारण तळोज्यात ज्यांचे सर्वात जास्त गेले त्यांच्याकडे भरायला वर्गणीच नाही. ग्रामस्थ, मच्छीमार आणि गृहनिर्माण सोसायट्या यांना इथे हक्काची जागा आणि हक्काचे मत हवे.

शासन, कारखानदार आणि रहिवासी यांच्यात असा करार होऊ शकत नाही, हे म्हणणे आता कोणाच्या तोंडी शोभणार नाही. इथून जवळच ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. ते उभारणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्या टप्प्याला १९,६५० कोटी रुपये लागले आणि ते उभे राहिले. कासाडीच्या काठासाठी असा कागद आजवर कोणी लिहिला नाही, इतकेच. त्यात प्रत्येक कारखान्याची वर्गणी त्याच्या सांडपाण्यावरून ठरावी. पाणी आणि हवेचे आकडे रोज वस्तीतल्या फलकावर लागावेत. रहिवाशाने कर भरायचा तो एकदाच आणि तक्रार करायची तीही एकाच खिडकीवर.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, आणि तो खर्च आपल्या परिसराला प्राधान्य देऊन करावा असेही म्हटले. तो पैसा तळोज्याच्या शाळांना, दवाखान्याला, मैदानाला जरूर यावा. पण स्वतःचे सांडपाणी साफ करणे हे दान नव्हे. ते देणे आहे, आणि ते वेगळ्या खात्यातून फेडले पाहिजे. लहान कारखान्यांना हे पेलणार नाही, ही भीती खरी आहे. त्यांना शासनाने हात द्यावा, मुदत द्यावी, सूट देऊ नये. पुण्यात २००८ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. घराघरातून मिळणाऱ्या शुल्कावर ते काम उभे राहिले. भागीदार गरीब असला तरी भागीदारी टिकते, त्याला बरोबरीचा मानले तर.

सिडको नगरविकास खात्याची, महापालिकाही त्याच खात्याखाली. एमआयडीसी उद्योग खात्याची. प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरण खात्याचे. या तीन खात्यांना एकत्र बसवण्याची ताकद एकट्या मुख्यमंत्र्यांकडे आहे. ती त्यांनी वापरावी. येत्या पावसाळ्याआधी पहिली बैठक घ्यावी, आणि ती मंत्रालयात नव्हे, कासाडीच्या काठावरच्या एखाद्या गावात, रात्री, दर्प सुटतो त्या वेळी घ्यावी.