थाप

मराठीतील पराभवाचे कितीतरी वाक्प्रचार कुस्तीच्या हौद्यातून आले आहेत. चीतपट होणे, चारी मुंड्या चीत होणे, अस्मान दाखवणे, पाठीला माती लागणे. पाठ जमिनीला टेकली की निकाल लागला, हे या सर्वांमागचे गृहीतक. द्वितीय वर्षाच्या वर्गात हे सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, आमची लढत तर पाठ टेकल्यावरच रंगते. त्याला मराठीत काय म्हणायचं?”

हा मुलगा बोईसरचा. सकाळी कॉलेज, दुपारी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अर्धवेळ काम आणि आठवड्यातून तीन रात्री ब्राझिलियन जिउ-जित्सूचा सराव. मला हे नावही धड उच्चारता येत नव्हते. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी खेळाची माहिती मिळवू लागले.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोडोकानची स्थापना करून ज्युदो घडवला. त्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि त्यांच्याकडून आलेली विद्या तिथल्या ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या लढतीभोवती वाढवली. यात उताणा पडलेला खेळाडू हरलेला नसतो. तो दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याला कवेत धरतो. या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. तिथून त्याला प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळता येतो, कोपर अडकवता येते, त्याला उलथवता येते. उलथवल्यास दोन गुण. वरच्याने पायांचा अडसर ओलांडला तर त्याला तीन. निकाल गुणांवरही लागतो. पण लढत तिथल्या तिथे संपते ती अडकलेल्या खेळाडूने हाताने थापटल्यावर. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर थाप पडली की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. याला ‘टॅप’ म्हणतात.

मुंबईच्या एका उपनगरात त्याची पहिली स्पर्धा होती, ती पाहायला मी गेले. पांढऱ्या पट्ट्याची लढत पाच मिनिटांची असते. त्याची दोन मिनिटांतच संपली. प्रतिस्पर्धी खाली होता, हा वर. मला वाटले, हाच जिंकतो आहे. तेवढ्यात खालच्याचा पाय याच्या डोक्यावरून आला, हात ताणला गेला आणि याने दोनदा थापटले. पकड सुटली. दोघांनी हात मिळवले. डहाणू लोकलमध्ये पालघर येईपर्यंत तो मला आपला पराभव समजावून सांगत होता. “त्याच्या छातीवर हात टेकून मी उठायला गेलो, मॅडम. कोपर सरळ झालं. हात मीच दिला त्याला.” आवाजात खंत होती, लाज नव्हती.

हाच मुलगा माझ्या वर्गात तीन सत्रे गप्प बसलेला होता. कविता कळली का, असे विचारल्यावर मान डोलावणारा. कळली नाही असे त्याने, किंवा त्याच्या बाकावरच्या कुणीही, एकदाही म्हटले नव्हते. मी त्याला संकोच समजत होते. आता तसे वाटत नाही. नेमके कुठे अडकलो हे तो उत्तम सांगू शकतो. ते सांगण्याची सोय माझ्या वर्गात नव्हती.

ती सोय आम्हा शिकवणाऱ्यांच्या जगातही नाही. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मला एका समीक्षाग्रंथाबद्दल प्रश्न विचारला गेला. तो ग्रंथ मी वाचलेला नव्हता. मी ‘संदर्भ’, ‘परिप्रेक्ष्य’, ‘आकलनव्यूह’ असे शब्द योजून चार मिनिटे बोलले, टाळ्याही मिळाल्या. म्हणजे तिथे मीही थाप मारली, पण ती मराठी वाक्प्रचारातली. कबुलीची थाप मारली असती तर निदान तो ग्रंथ त्याच महिन्यात वाचून झाला असता. आपल्या समीक्षेतली बरीचशी दुर्बोधता ही न दिलेली कबुली असते, असे माझे मत आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, कबुली न देणाऱ्याचे शौर्य. १९५१ मध्ये रिओमध्ये एलिओ ग्रेसी आणि जपानचे मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरांनी हात पिरगळला. एलिओंनी हाताला जबर इजा झाली तरी थापटले नाही. अखेर त्यांच्या बाजूनेच लढत थांबवली. ही कथा अभिमानाने सांगितली जाते. पण ज्या पकडीत हात गेला, तिला हरलेल्यांच्याच परंपरेने ‘किमुरा’ हे नाव दिले आणि ती पुढच्या पिढ्यांना शिकवली. मला या कथेत न थापटण्यापेक्षा हे नाव देणे अधिक मोठे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हार मानणे सोपे आहे, असे नोकरी नसलेल्या मुलांना सांगणे हा शिक्षकाचा शहाजोगपणा नव्हे का? आहे, जर समोरचा पकड सोडणार नसेल तर. थापटणाऱ्याचा प्रामाणिकपणा सोडणाऱ्याच्या विश्वासावर उभा असतो. ‘कळले नाही’ म्हणणाऱ्या मुलाची थट्टा झाली, त्याच्या बोलीला वर्ग हसला, अंतर्गत गुणांत त्याची नोंद राहिली, तर तो पुन्हा थापटणार नाही. मुकाट्याने मार्गदर्शिका पाठ करील. मॅटवर ही जबाबदारी वर असलेल्याची असते. वर्गात ती आपली आहे.

हे सारे परक्या खेळातून शिकावे लागते असेही नाही. आपल्या तालमीतही रोजच्या सरावात पोरे पडतात आणि उठतात. मात्र भाषेत शिरला तो मैदानातला निकाल, तालमीतला सराव नव्हे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीची सवय घेऊन मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तिथेही ते सुवर्णविजेत्या शोहाची इशीईंकडून हरले होते. पदक आपण लक्षात ठेवले, ती हार विसरलो. वास्तविक ते पदक त्या पराभवासकट मिळालेले आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मराठी प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. या सत्राच्या पहिल्या तासाला मी तसे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मागच्या तासाची कविता मलापण नाही कळली.” आम्ही ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली.